सुरक्षा दलांतील श्वानांची वाहतूक : नियम काय सांगतात, जबाबदारी कोणाची?

महादेवपुरा (बंगळुरू) : १ मार्च २०२४ रोजी दुपारी बंगळुरूच्या पूर्व भागातील महादेवपुरा क्षेत्रात, ब्रुकफिल्ड येथील द रामेश्वरम कॅफे या उपाहारगृहात स्फोट झाला. त्यात काही जण जखमी झाले. पोलिसांपाठोपाठ बॉम्बशोधक व नाशक पथक आणि श्वानपथक घटनास्थळी पोहोचले. पुढे या प्रकरणाचा तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे सोपविण्यात आला. त्याआधी तीन महिन्यांपूर्वी, १ डिसेंबर २०२३ रोजी, बंगळुरू शहर व परिसरातील चाळीसहून अधिक शाळांना बॉम्ब ठेवल्याच्या धमकीचे ई-मेल एकाच दिवशी आले होते. ती धमकी खोटी निघाली. मात्र खात्री होईपर्यंत प्रत्येक शाळेची तपासणी करणे भाग होते.

या दोन्ही घटनांत स्फोटकांचा वास ओळखणारे श्वान किती लवकर आणि कोणत्या स्थितीत पोहोचतात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शहर पोलिसांच्या श्वानपथकाचे केंद्र आडुगोडी येथे आहे. तेथून ब्रुकफिल्ड सुमारे पंधरा किलोमीटरांवर आहे. हे अंतर मोठे नाही. परंतु माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या संकुलांमुळे महादेवपुरा, व्हाइटफिल्ड आणि मारथहळ्ळी या पट्ट्यातील वाहतूक कोंडी देशभर परिचित आहे. भरदुपारी कोंडीत अडकलेल्या वाहनातून उतरलेला, धापा टाकणारा श्वान वेळेवर पोहोचला तरी त्याचे नाक काम करीलच असे नाही. सुरक्षा कामातील श्वानांच्या वाहतुकीला नियमांची गरज भासते ती यासाठी. हे नियम कोणते, ते कोणाला लागू होतात आणि त्यांचे पालन होते की नाही हे पाहणारा कोण, याचा हा आढावा.

मूळ कायदा आणि नियम

भारतात प्राण्यांच्या वाहतुकीचा पाया प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० हा आहे. या कायद्याच्या कलम ११ नुसार कोणत्याही प्राण्याला अनावश्यक वेदना किंवा त्रास होईल अशा रीतीने वाहनातून अथवा अन्य प्रकारे नेणे हा गुन्हा आहे. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या कमी उंचीच्या, लांबीच्या किंवा रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा ठरतो.

या कायद्याच्या कलम ३८ खालील अधिकारांत केंद्र सरकारने प्राणी वाहतूक नियम, १९७८ लागू केले. त्यांचे दुसरे प्रकरण श्वान व मांजरे यांच्यासाठी आहे. रेल्वे, रस्ता, अंतर्गत जलमार्ग, समुद्र आणि हवाई मार्ग अशा सर्व प्रकारच्या प्रवासाला आणि सर्व जातींच्या श्वानांना हे नियम लागू होतात. घरातील पाळीव कुत्रा आणि पोलिसांच्या पथकातील श्वान असा भेद या नियमांत केलेला नाही.

ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. याच कायद्याच्या पाचव्या प्रकरणात, म्हणजे प्राण्यांचे खेळ व प्रदर्शन यांविषयीच्या तरतुदींत, लष्करी किंवा पोलिसी कामासाठी दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाला कलम २७ अन्वये स्पष्ट सूट देण्यात आली आहे. जेथे सूट द्यायची तेथे कायद्याने ती शब्दांत दिली. श्वानांच्या वाहतुकीच्या प्रकरणात तशी सूट नाही. त्यामुळे सरकारी श्वानालाही वाहतुकीचे किमान संरक्षण मिळायलाच हवे, असा या तरतुदींचा सरळ अर्थ निघतो.

१९७८ च्या नियमांतील प्रमुख तरतुदी

आरोग्य प्रमाणपत्र : श्वान प्रवासास योग्य आहे आणि त्याच्यात रेबीजसह कोणत्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणे नाहीत, असे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र सोबत असणे बंधनकारक आहे. प्रमाणपत्र नसल्यास वाहतूकदाराने श्वान स्वीकारण्यास नकार द्यावा, असे नियम सांगतात.

कोणाला नेऊ नये : गर्भारपणाच्या अखेरच्या टप्प्यातील मादीची वाहतूक करता येत नाही. माजावर असलेली मादी नरांसोबत नेता येत नाही. दूध पिणारी पिले त्यांच्या आईखेरीज अन्य प्रौढ श्वानांबरोबर ठेवता येत नाहीत. एका पिंजऱ्यात एकाहून अधिक श्वान न्यायचे असल्यास ते एकाच जातीचे असावेत.

आक्रमक श्वान : चावरा किंवा आक्रमक श्वान स्वतंत्र पिंजऱ्यात, मुसके बांधून आणि हाताळणाऱ्यांना सावध करणारी चिठ्ठी लावून न्यावा. अगदी टोकाच्या परिस्थितीत पात्र पशुवैद्यकाने गुंगीचे औषध देण्यास मुभा आहे.

अन्न व पाणी : लांबच्या प्रवासापूर्वी किमान दोन तास आधी श्वानाला खाणे व पाणी द्यावे. भुकेल्या किंवा तहानलेल्या श्वानाला पिंजऱ्यात घालू नये. निघण्यापूर्वी शक्य तितक्या उशिरा त्याला फिरवून आणावे. वाटेत उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे. प्रौढ श्वानाला बारा तासांतून एकदा आणि पिलांना चार तासांतून एकदा खाणे द्यावे.

रेल्वे प्रवास : प्रवास सहा तासांहून अधिक असल्यास सोबत परिचर असावा. त्याला वाटेतील सर्व स्थानकांवर श्वानापर्यंत जाता आले पाहिजे. श्वानावर वाऱ्याचा थेट झोत येता कामा नये. श्वान प्रवासी किंवा मेल गाडीनेच पाठवावा आणि बुकिंग स्वीकारल्यानंतर त्याला ताटकळत ठेवू नये.

रस्ता प्रवास : सार्वजनिक वाहनातून नेताना पिंजरा टपावर ठेवता येत नाही, तो वाहनाच्या आत, शक्यतो मागील बाजूस असावा. वाहनाचा वेग शक्य तितका एकसारखा ठेवावा, अचानक ब्रेक टाळावेत आणि धक्के कमीत कमी बसतील याची काळजी घ्यावी. संपूर्ण प्रवासात किमान एक परिचर सोबत असावा.

ओळख व पूर्वसूचना : पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक पिंजऱ्यावर ठळकपणे लिहिलेले असावेत. घेणाऱ्याला गाडी किंवा विमानाचा क्रमांक व पोहोचण्याची वेळ आधी कळवावी.

नियमांमागील शास्त्रीय कारणे

या तरतुदी कोरड्या वाटल्या तरी प्रत्येकीमागे श्वानाच्या शरीररचनेशी संबंधित कारण आहे. श्वानाचे सामान्य शरीर तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. माणसाप्रमाणे त्याला सर्वांगाला घाम येत नाही; घामग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. शरीर थंड ठेवण्याचा त्याचा प्रमुख मार्ग म्हणजे तोंड उघडून धापा टाकणे. सभोवतालची हवाच तापलेली किंवा दमट असेल तर हा मार्ग अपुरा पडतो. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या पुढे गेल्यास उष्माघात होऊन मेंदू, यकृत व मूत्रपिंडांवर परिणाम होतो आणि श्वान दगावू शकतो.

उन्हात बंद उभ्या असलेल्या वाहनाच्या आतील तापमान दहा मिनिटांत सुमारे ११ अंशांनी आणि अर्ध्या तासात सुमारे १९ अंशांनी वाढते, असे मोजमापांतून दिसून आले आहे. म्हणजे बाहेर २४ अंशांची सुखद हवा असली तरी अर्ध्या तासात वाहनाच्या आत ४३ अंशांपर्यंत पारा चढू शकतो. थंड हवेचे शहर म्हणून बंगळुरूची ख्याती असली तरी श्वान बंद वाहनात असताना ती उपयोगी पडत नाही.

स्फोटकशोधक श्वानाच्या बाबतीत दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. वास घेताना श्वान तोंड मिटून नाकाने लहान लहान श्वास झपाट्याने घेतो. धापा टाकताना मात्र श्वासोच्छ्वास प्रामुख्याने तोंडावाटे होतो. ही दोन्ही कामे एकाच वेळी नीट होत नाहीत. तापलेला श्वान आजारी दिसत नसला, हस्तकाची आज्ञा पाळत असला, तरी त्याच्या नाकाची क्षमता घटलेली असू शकते. अशा श्वानाने एखाद्या पिशवीजवळ काहीही सूचित केले नाही, तर ती पिशवी निर्धोक आहे असा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका असतो. वाहतुकीतील हयगय अशा प्रकारे नागरिकांच्या जिवावर बेतू शकते.

प्रवासाआधी दोन तास खाणे उरकण्याच्या नियमालाही असाच आधार आहे. जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांसारख्या खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये भरपेट खाण्यानंतर लगेच धावपळ झाल्यास पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका वाढतो. ही स्थिती काही तासांत प्राणघातक ठरते. प्रवासात पोट ढवळून उलटी होण्याची शक्यताही भरल्या पोटी अधिक असते.

पिंजरा कसा असावा?

हवाई प्रवासासाठी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे आयाटा, दरवर्षी जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीची नियमावली प्रसिद्ध करते. त्यातील पिंजऱ्याचे गणित सोपे असून रस्त्यावरील वाहनात पिंजरा बसवितानाही ते मार्गदर्शक ठरते. श्वानाची चार मापे घेतली जातात : नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, जमिनीपासून पुढील पायाच्या कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी आणि उभे असताना डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंतची उंची.

पिंजऱ्याची लांबी ही श्वानाची लांबी अधिक कोपराच्या उंचीच्या निम्मी असावी. रुंदी खांद्यांच्या दुप्पट असावी. उंची श्वानाच्या उभ्या उंचीइतकी आणि त्यात अंथरुणाच्या जाडीची भर असावी. समजा, एखाद्या लॅब्राडोरची लांबी ९० सेंटिमीटर, कोपराची उंची ३४, खांद्यांची रुंदी २५ आणि उभी उंची ६५ सेंटिमीटर आहे. त्याला किमान १०७ सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि ६५ सेंटिमीटरांहून थोडा उंच पिंजरा लागेल. बसक्या नाकाच्या जातींसाठी याहून दहा टक्के मोठा पिंजरा आवश्यक मानला जातो. श्वानाला त्यात सरळ उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे आणि नैसर्गिकपणे पाय पसरून झोपता आले पाहिजे, हा यामागील निकष आहे.

एकाच मापाचे पिंजरे सर्व श्वानांना चालत नाहीत, हे जातींच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे पूर्वी घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते. तेथील मुधोळ हाउंड ही जात आता सुरक्षा दलांच्याही परिचयाची झाली आहे. हा श्वान सडपातळ, लांब पायांचा आणि उंच असतो. आखूड पायांच्या रुंद श्वानासाठी केलेला पिंजरा त्याला रुंदीला पुरेल; उंचीला मात्र पुरणार नाही.

स्फोटकशोधक श्वानाच्या वाहनात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे स्फोटकांचे नमुने श्वानाच्या कप्प्यात ठेवू नयेत. तो वास कप्प्यात मुरला तर श्वान त्याला सरावतो आणि प्रत्यक्ष तपासणीत त्याच वासाकडे दुर्लक्ष करण्याची शक्यता निर्माण होते. इंधनाचे डबे आणि उग्र वासाची जंतुनाशके यांनाही तेथे जागा नाही.

रेल्वे व विमान

भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांनुसार श्वानाला प्रवाशासोबत फक्त प्रथम श्रेणीच्या वातानुकूलित किंवा साध्या डब्यात, संपूर्ण कूपे अथवा केबिन आरक्षित असेल तरच नेता येते. वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणी, चेअर कार, शयनयान आणि सामान्य डब्यांत श्वानाला परवानगी नाही. अन्यथा ब्रेक व्हॅनमधील श्वानपेटीतून त्याला पाठवावे लागते. श्वानपेटीतून पाठविलेल्या श्वानाच्या बाबतीत वाटेतील स्थानकांवर परिचराला त्याच्यापर्यंत पोहोचू देण्याच्या तरतुदीला विशेष महत्त्व येते. कारण पाणी पाजण्याची दुसरी सोय तेथे नसते.

विमानात श्वानाला गुंगीचे औषध देऊन नेण्यास आयाटाची नियमावली अनुकूल नाही. औषधाने रक्तदाब कमी होतो आणि उंचीवरील वातावरणात त्याचा परिणाम किती होईल याचा अंदाज बांधता येत नाही. सुरक्षा श्वानाच्या बाबतीत गुंगी उतरेपर्यंत तो कामाला निरुपयोगी असतो, हे वेगळेच. म्हणूनच पिलू असल्यापासून पिंजऱ्यात शांत बसण्याची, इंजिनाच्या आवाजाची आणि हलत्या जमिनीची सवय लावणे हा प्रशिक्षणाचा भाग असतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात श्वानांना हवेचा दाब व तापमान नियंत्रित असलेल्या कक्षातच ठेवावे, असे १९७८ चे नियमही सांगतात.

बंगळुरूहून पॅरिसपर्यंत

बंगळुरूच्या दक्षिणेस तरळू येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे श्वान प्रजनन व प्रशिक्षण केंद्र २०११ पासून कार्यरत आहे. तेथे प्रामुख्याने बेल्जियन मालिनोइस जातीचे श्वान तयार केले जातात आणि प्रशिक्षणानंतर ते देशाच्या विविध भागांत, विशेषतः नक्षलग्रस्त क्षेत्रांत, हस्तकांसह पाठविले जातात. बंगळुरूच्या सौम्य हवेत वाढलेला श्वान मध्य भारतातील उन्हाळ्यात पोहोचतो तेव्हा त्याला नव्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी वेळ द्यावा लागतो. प्रवास संपताच त्याला कामाला जुंपणे धोक्याचे ठरते.

जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या बंदोबस्तासाठी भारतातून दहा श्वानपथके फ्रान्सला गेली. त्यांत केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ‘वास्ट’ आणि ‘डेन्बी’ हे मालिनोइस होते. भारतातून युरोपीय संघात श्वान नेण्यासाठीच्या सर्वसाधारण नियमांनुसार श्वानाच्या त्वचेखाली ओळख-चिप बसविलेली असावी लागते, त्यानंतर रेबीजची लस द्यावी लागते आणि लसीनंतर किमान ३० दिवसांनी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात प्रतिपिंडांचे प्रमाण प्रतिमिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक आढळावे लागते. त्यापुढे तीन महिने थांबावे लागते. याचा अर्थ, परदेशी बंदोबस्तासाठी श्वानाच्या प्रवासाची तयारी बरेच महिने आधी सुरू व्हावी लागते. देशातून प्राणी बाहेर नेताना व आणताना पशु संगरोध व प्रमाणीकरण सेवेची कागदपत्रे लागतात. या सेवेचे एक केंद्र बंगळुरूतही आहे.

प्रत्येक वेळी इतका अवधी मिळत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान व सीरियात भूकंप झाला आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या वायुदलाच्या विमानाने रवाना झाल्या. त्यांच्यासोबत ज्युली, रोमियो, हनी आणि रॅम्बो हे श्वान होते. गाझियानटेप प्रांतातील नुर्दागी येथे ढिगाऱ्याखाली जिवंत असलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा माग ज्युलीने काढला. रोमियोने त्याला दुजोरा दिला आणि मुलीची सुटका झाली. हजारो किलोमीटरांच्या विमानप्रवासानंतर, हाडे गोठविणाऱ्या थंडीत हे श्वान तत्काळ कामाला लागले. लसीकरण, आरोग्य नोंदी आणि पिंजऱ्याची सवय या गोष्टी आदेश येण्यापूर्वीच पूर्ण असतील तरच असा प्रवास साधतो.

घटनास्थळावरून परत आणण्याचा प्रश्न

वाहतुकीच्या नियमांची चर्चा बहुधा श्वानाला घटनास्थळी नेण्यापुरती होते. परत आणण्याचा, विशेषतः जखमी श्वानाला उपचारापर्यंत पोहोचविण्याचा, विचार तितक्याच तातडीचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये छत्तीसगड–तेलंगण सीमेवरील कर्रेगुट्टा टेकड्यांत झालेल्या नक्षलविरोधी मोहिमेत केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ‘रोलो’ या मालिनोइस मादीवर मधमाश्यांच्या मोहोळाने हल्ला केला. हस्तकांनी तिला प्लास्टिकच्या कापडाने झाकण्याचा प्रयत्न केला. परंतु माश्या आत शिरल्या आणि वेदनेने बिथरून ती बाहेर आली. तिला सुमारे २०० दंश झाले होते. प्राथमिक उपचार करून तिला तातडीने हलविण्यात आले, मात्र उपचार मिळण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला. रोलोचे प्रशिक्षण तरळू येथेच झाले होते. दलाने तिला मरणोत्तर प्रशस्तीपदकाने गौरविले.

१९७८ चे नियम निरोगी श्वानाच्या नियोजित प्रवासासाठी आहेत. मोहिमेत जखमी झालेल्या श्वानाला किती वेळात, कोणत्या वाहनाने आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे त्यांच्या कक्षेत येत नाही. ते संबंधित दलालाच आपल्या मोहिमेच्या आराखड्यात आधी ठरवावे लागते. जवळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयाची माहिती, हस्तकाला प्राथमिक उपचारांचे ज्ञान आणि श्वानासाठी राखीव वाहन या तीन गोष्टी त्यात मूलभूत ठरतात.

नियमांचे पालन कोण पाहतो?

१९७८ च्या नियमांची रचना दोन वेगळ्या पक्षांवर उभी आहे. एक पाठविणारा आणि दुसरा वाहून नेणारा. प्रमाणपत्र नसेल तर वाहतूकदाराने नकार द्यायचा, पिंजरा लहान असेल तर रेल्वेने किंवा विमान कंपनीने तो स्वीकारायचा नाही, अशी ही परस्परांवरील देखरेख आहे. सरकारी श्वानपथकाच्या गाडीत मात्र ही रचना लागू पडत नाही. श्वान पोलिसांचा, गाडी पोलिसांची, चालकही पोलीस. पाठविणारा, नेणारा आणि घेणारा एकच असल्याने नकार देणारा बाहेरचा कोणी उरत नाही.

कायद्यातील दंडाची तरतूदही धाक बसविण्यास पुरेशी नाही. कलम ११ खालील पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या रकमा १९६० च्या काळातील आहेत. त्या वाढविण्याचा प्रस्ताव असलेला दुरुस्ती विधेयकाचा मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये नागरिकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता.

पोलीस श्वानपथकांच्या कामात देशपातळीवर एकसूत्रता आणण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये पोलीस आधुनिकीकरण विभागांतर्गत स्वतंत्र के-९ कक्ष स्थापन केला. ‘पोलीस’ हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील विषय असल्याने वाहनांची खरेदी, त्यांतील सोयी आणि श्वानांच्या कामाचे तास हे निर्णय मात्र राज्यांच्या हाती राहतात. परिणामी प्रत्यक्ष पालनाचा भार अखेर हस्तकावर येतो. वाहनातील वातानुकूलन यंत्रणा बंद आहे, श्वानाने सकाळपासून चार ठिकाणे तपासली आहेत, आता त्याला विश्रांती हवी, हे वरिष्ठांना सांगण्याचा अधिकार हस्तकाला आहे की नाही, यावर नियम कागदावर राहतो की गाडीत पाळला जातो, हे ठरते.

मुंबईचा अनुभव या संदर्भात आठवण्याजोगा आहे. मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ या श्वानाने मुंबई व ठाणे परिसरात ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि सहा हजारांहून अधिक काडतुसे शोधून दिल्याची नोंद आहे. पुण्यातील प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला हा श्वान १६ नोव्हेंबर २००० रोजी मरण पावला. एका श्वानाला एका शहरात एकामागून एक ठिकाणी नेण्याची वेळ आली तर त्याचे नाक शाबूत ठेवणे किती मोलाचे असते, हे त्या दिवसांनी दाखवून दिले. शाळांना एकाच सकाळी धमक्या आल्या तेव्हा बंगळुरूपुढेही तसाच प्रश्न उभा राहिला होता.

हस्तकासाठी व पथकासाठी संक्षिप्त यादी

• रेबीज लसीकरण, आरोग्य प्रमाणपत्र आणि ओळख-चिपची नोंद कायम अद्ययावत ठेवावी.
• निघण्यापूर्वी श्वानाला मोकळे करून आणावे. भरपेट खाण्यानंतर दोन तास प्रवास टाळावा.
• पिंजरा वाहनाला घट्ट जखडलेला, हवेशीर आणि श्वानाच्या मापाचा असावा. तळाशी न घसरणारे अंथरूण असावे.
• श्वानाच्या कप्प्यात तापमापक असावा. इंजिन बंद पडल्यास किंवा उष्णता वाढल्यास इशारा देणारी यंत्रणा असल्यास उत्तम.
• उभ्या बंद वाहनात श्वानाला एकटे सोडू नये, सावलीतही नाही.
• पाणी सोबत असावे. उन्हाळ्यात दर चार तासांची मर्यादा ही कमाल समजावी.
• पोहोचल्यावर धाप शमेपर्यंत श्वानाला सावलीत थांबवावे, मगच शोध सुरू करावा.
• परतीच्या मार्गावरील पशुवैद्यकीय रुग्णालयाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक वाहनात लावलेला असावा.

नागरिकांनी काय करावे?

श्वानपथकाच्या वाहनाला रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडीइतक्याच तत्परतेने वाट द्यावी. घटनास्थळी श्वान विश्रांती घेत असताना त्याच्याभोवती गर्दी करू नये, त्याला खाऊ घालू नये आणि छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये. घरचा कुत्रा घेऊन प्रवास करणाऱ्यांनाही १९७८ चे हेच नियम लागू असल्याने प्रमाणपत्र, पाणी आणि योग्य मापाचा पिंजरा यांची तयारी त्यांनीही ठेवावी.

महादेवपुऱ्यासारख्या दाट वस्तीच्या आणि कोंडीच्या भागात आडुगोडीहून निघालेले वाहन पाच मिनिटे उशिरा पोहोचले तर त्याची नोंद होते. वाहनातील श्वान काम करण्याच्या स्थितीत होता की नव्हता, याची नोंद मात्र हस्तकाने ठेवली तरच राहते.